मागचा उजवा कोपरा

मित्रांनो, जुना वजनकाटा बोलतो आहे, तो मी. माझे ताट अजून गुळगुळीत आहे, खिडकीत आकडे ठळक उमटतात आणि अंगावर तपासणीची तीन हिरवी लेबले आहेत. लांबून पाहिले तर मी कुणालाही भला काटा वाटेन. पण मान वर करून सांगावे असे माझ्या आयुष्यात फार थोडे आहे. काट्याला काम एकच असते. जेवढे असेल तेवढे सांगायचे. मी तीन वर्षे ते केले नाही, आणि त्यापायी तीन भल्या माणसांना खाली बघावे लागले. हे बोलताना मला आजही शरम वाटते. पण न बोलण्याने काय होते ते मी पाहिले आहे, म्हणून सांगतो.

आधी माझी घडण सांगतो, म्हणजे पुढचे कळेल. माझ्या पोटात बोटाएवढी एक धातूची पट्टी आहे. ताटावर वजन ठेवले की ती केसभर वाकते, आणि ती किती वाकली त्यावरून माझ्या खिडकीत आकडे येतात. ताटाच्या चार कोपऱ्यांखाली चार स्क्रू आहेत. कुणी भलतेच ओझे आदळले तर ताट त्यांच्यावर टेकावे आणि पट्टी वाचावी, एवढ्यासाठी ते असतात. एरवी ताट आणि स्क्रू यांच्यात कागद सरकेल एवढी फट असते. ती फट आहे तोवर काटा खरा.

कारखान्यातून मी थेट एका संशोधन संस्थेच्या काचघरात आलो. काचेचे छप्पर, भिंतीत घरघरणारे पंखे, लोखंडी जाळीचे लांब ओटे आणि त्यांवर कुंड्याच कुंड्या. काचघराला लागून कुंड्या भरायची एक छोटी खोली होती. तिथे ओल्या मातीचा वास कायम असायचा आणि नळ कितीही आवळला तरी थेंब गळायचा. त्या खोलीतल्या टेबलावर मला जागा मिळाली. मला खोक्यातून काढले ते मामांनी. ते काचघराचे मदतनीस. नात्याने कुणाचे मामा होते कोण जाणे, पण सगळी संस्था त्यांना मामाच म्हणायची. बावीस वर्षे तिथे काढलेला माणूस. कुठली काच कधी तडकली आणि कुठला पंखा कधी रुसतो हे त्यांना तोंडपाठ. रोज सकाळी ते मला कोरड्या फडक्याने पुसायचे, माझ्या पायांचे स्क्रू फिरवून मला समतल करायचे आणि मगच स्वतःचा चहा प्यायचे.

तिथे काय चालायचे ते मला एका शाळेच्या सहलीमुळे कळले. संस्थेच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी मुलांना माझ्या टेबलाभोवती उभे करून समजावले. गहू म्हणजे शेवटी गवतच, त्या म्हणाल्या. फार पूर्वी तीन निरनिराळ्या गवतांचे वारसे एकत्र आले आणि आजचा गहू झाला. म्हणून त्याच्या पेशीतली डीएनएची पोथी माणसाच्या पोथीपेक्षा पाचपट जाड आहे. पण हा गहू लाडात वाढलेल्या मुलासारखा पाण्याला सोकावला. उलट बांधावरच्या रानगवताला कुणी पाणी घालत नाही, तरी ते उन्हात तग धरते. तग धरण्याची ती युक्ती त्याच्या पोथीत कुठल्या पानावर लिहिली आहे, ते शोधायचे आणि ते पान गव्हात आणायचे, हे इथले काम. आता युक्ती कुणाकडे आहे हे कळायचे कसे? सगळ्यांना सारखेच कमी पाणी द्यायचे आणि कोण हिरवे राहते ते पाहायचे. सारखेच कमी, यावर त्यांनी भर दिला. मग माझ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "माणूस चुकतो. काटा खोटं बोलत नाही."

मित्रांनो, लोखंडाच्या अंगावर मूठभर मांस चढत नाही, पण त्या दिवशी चढल्यासारखे वाटले खरे.

काही महिन्यांनी ताई आली. ती मामांची मुलगी. लहानपणी शाळा सुटली की ती याच खोलीत पालथ्या बादलीवर बसून गृहपाठ करायची, हे मामा सगळ्यांना सांगायचे. आता ती शिकून संशोधक म्हणून आली होती. मामांनी मात्र पहिल्याच दिवशी एक रीत घालून दिली. कामावर ती त्यांना सगळ्यांसारखे मामा म्हणणार आणि ते तिला मॅडम. नव्या माणसाला ही थट्टा वाटायची, पण दोघेही ती रीत कसोशीने पाळायची. संध्याकाळी फाटकाबाहेर स्कूटरवर बसली की मग बापलेक.

या रीतीला कारण होते. ताईची निवड झाली तेव्हा एकदोघे कुजबुजले होते की आता काचघरात घरचाच कारभार. मामांच्या ते जिव्हारी लागले होते.

ताईचा पहिला प्रयोग सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात मामांनी खोली धुवायला काढली. लेक जिथे उभी राहून काम करणार ते टेबल लखलखीत हवे, म्हणून त्यांनी मला उचलले. जमिनीवर पाण्याची नळी पडली होती. तिच्यावर पाय पडला, मामा घसरले आणि मी हातातून सुटलो. मागच्या उजव्या कोपऱ्यावर आपटलो. मामांच्या गुडघ्याला चांगलाच मार बसला होता, पण त्यांनी गुडघ्याकडे पाहिलेच नाही. मला टेबलावर ठेवून वायर लावली, पाच किलोचे लोखंडी वजन आणले आणि ताटाच्या मधोमध ठेवले. खिडकीत बरोबर पाच हजार ग्रॅम आले. त्यांनी सुस्कारा सोडला. मग दाराकडे पाहिले. कुणी नव्हते.

नियमाप्रमाणे नोंदवहीत लिहायला हवे होते. लिहिले असते तर मला दुरुस्तीला पाठवले असते, प्रयोग महिनाभर लांबला असता, आणि कुजबुजणाऱ्यांना बापाने लेकीच्या कामाची सुरुवातच कशी केली हा विषय मिळाला असता. आकडा तर बरोबर येतोय, असे मनाशी म्हणून मामांनी वजन जागेवर ठेवले.

मामांना ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते. माझा आतला सांगाडा किंचित वाकला होता आणि मागच्या उजव्या कोपऱ्याची फट बुजली होती. त्या कोपऱ्यावर कुणी काही ठेवले की ताट स्क्रूवर टेकायचे आणि थोडा भार तो स्क्रू चोरून उचलायचा. मधोमध ठेवलेले वजन मी खरे सांगायचो; त्या कोपऱ्यावरचे दीडशे ग्रॅम कमी सांगायचो. बिघाड झाला की आकड्यांच्या जागी उमटणारी एक खूण माझ्याकडे आहे. ती मला दाखवता आली असती की नाही, हे आजही नीट सांगता येत नाही. पण दाखवावीशी वाटली नाही, हे मात्र खरे. काटा खोटं बोलत नाही, हे वाक्य मला फार आवडू लागले होते.

प्रयोग सुरू झाला. गहू आणि एक रानगवत यांच्या संकरातून निघालेली बारा भावंडे होती, म्हणजे बारा वाणे. प्रत्येकाच्या आठ कुंड्या, एकूण शहाण्णव. निम्म्या कुंड्यांना पोटभर पाणी, निम्म्यांना उपास. उपासाच्या कुंडीचे वजन रोज तीन किलो सहाशे ग्रॅमवर आणून ठेवायचे, त्याहून थेंब जास्त नाही. ताई रोज सकाळी एकेक कुंडी माझ्यावर ठेवायची आणि आकडा सहाशेला टेकेपर्यंत झारीने पाणी घालायची. तिच्याइतके मन लावून मला कुणी वापरले नाही. आकडा थरथरायचा थांबेपर्यंत ती श्वास रोखून धरायची.

आता बारांपैकी पाच वाणांची पाने रानगवतासारखी लांब आणि लोंबती होती. कुंडी मधे ठेवली की ती माझ्या खिडकीवर पडायची आणि आकडा झाकायची. म्हणून ताई त्या कुंड्या मागे सरकवायची. उजव्या हाताने सरकवायची, त्यामुळे त्या जायच्या मागच्या उजव्या कोपऱ्यावर. आकडा नीट दिसावा, वाचण्यात चूक होऊ नये, एवढाच तिचा हेतू होता. पण तिथे मी दीडशे ग्रॅम कमी सांगायचो, आणि ताई ते दीडशे ग्रॅम पाण्याने भरून काढायची. बाकीची भावंडे उपाशी आणि या पाचांच्या मातीत कायम पेलाभर पाणी जास्त.

तीन आठवड्यांनी सात वाणे पिवळी पडून माना टाकून बसली आणि पाच हिरवीगार राहिली. ताईने बाराही वाणांच्या पानांचे तुकडे कापून त्यांचा डीएनए वाचून घेतला. हिरव्या पाचांमध्ये रानगवताच्या पोथीतला एक तुकडा आढळला. वाळलेल्या सातांपैकी एकातही तो नव्हता. इतका स्वच्छ निकाल मोठ्या बाईंनीही कधी पाहिला नव्हता. तो स्वच्छ का होता ते मी सांगतो. त्या तुकड्याचे काम पाने लोंबवण्याचे. ज्यात तुकडा, त्याची पाने लोंबती. ज्याची पाने लोंबती, ती कुंडी माझ्या खोट्या कोपऱ्यावर. जी त्या कोपऱ्यावर, तिला जास्त पाणी. साखळीतली प्रत्येक कडी पक्की होती आणि शेवटची मी होतो.

पुढच्या वर्षी प्रयोग पुन्हा झाला, पुन्हा तोच निकाल. शोधनिबंध छापून आला. वर्तमानपत्रात ताईचा फोटो आला, त्यात कुंडीखाली मीही होतो. मामांनी ते कात्रण डब्याच्या पिशवीत कितीतरी दिवस बाळगले. ताईला कायम नेमणूक मिळणार हे जवळजवळ ठरले. दरवर्षी तपासनीस यायचा, मधोमध वजन ठेवायचा, आकडा पाहायचा आणि माझ्या अंगावर हिरवे लेबल चिकटवून घाईघाईने पुढच्या खोलीत जायचा. प्रत्येक लेबलाच्या वेळी मला वाटायचे की आता हा कोपऱ्याला हात लावेल. त्याने लावला नाही की मला हायसे वाटायचे. हायसे वाटायचे, मित्रांनो. याचीच मला सगळ्यात जास्त लाज आहे.

संस्थेचे एक कोरडवाहू रान होते, गावाबाहेर बरेच दूर. तिथली पेरणी, कापणी सगळे मुकादम बघायचे. मुकादम आणि मामा एकाच वर्षी कामाला लागलेले, जिवाभावाचे दोस्त. संस्थेत काम निघाले की मुकादम आधी आमच्या खोलीत यायचे, दोघे पालथ्या बादल्यांवर बसून चहा प्यायचे आणि गुडघेदुखीच्या गप्पा मारायचे. ती पाच वाणे मुकादमांच्या रानात पेरली गेली. पहिल्या हंगामाच्या शेवटी मुकादम एका गोणपाटात वाळलेल्या गव्हाची ताटे घेऊन आले आणि मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवली. म्हणाले, ही तुमची तग धरणारी. बाकीच्यांसारखीच हीही गेली.

त्यांचे कुणी ऐकले नाही. काचघरात दोनदा हिरवा राहिलेला गहू रानात वाळला, तर दोष रानाचा. पेरणी उशिरा झाली असेल, खोल झाली असेल, उगवणीपुरत्या ठरलेल्या एकदोन पाण्याच्या पाळ्या चुकल्या असतील. मुकादमांनी दुसऱ्या हंगामात प्रत्येक गोष्ट तारखेसकट लिहून ठेवली. गहू पुन्हा वाळला. ताईने काचघरात तिसऱ्यांदा प्रयोग लावला, पुन्हा माझ्यावर, आणि पाने पुन्हा हिरवी राहिली. तेव्हा मोठ्या बाईंनी मुकादमांकडून लेखी खुलासा मागवला. तिकडे पाच वाणांच्या बियाण्याची पोती गोदामात भरून तयार होती. ती कोरडवाहू भागातल्या शेकडो घरी पेरायला जायची होती.

खुलाशाची बातमी ऐकली त्या दिवसापासून मामांचे चित्त थाऱ्यावर राहिले नाही. एका रविवारी सकाळी ते एकटेच आले. पाच किलोचे वजन काढले आणि मधोमध ठेवले. पाच हजार. पुढच्या डाव्या कोपऱ्यावर, पाच हजार. पुढच्या उजव्या, पाच हजार. मागच्या डाव्या, पाच हजार. मग मागच्या उजव्या कोपऱ्यावर ठेवले. चार हजार आठशे पन्नास. मामांनी वजन उचलले, फडक्याने पुसले, पुन्हा ठेवले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ठेवले आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलेच नाही. बादली पालथी करून बसले. उन्हाची तिरीप दारातून टेबलाच्या पायापर्यंत येईतो बसले होते.

बुधवारपर्यंत ते काही बोलले नाहीत. मला पुसतही नव्हते. बुधवारी सकाळी ताई कुंड्या तोलत असताना ते आत आले. हातातली झारी खाली ठेवली.

"बाळ, ती कुंडी मधे ठेव."

ती कामाला लागल्यापासून त्या खोलीत त्यांनी तिला बाळ म्हटले ते पहिल्यांदाच. ताईने आधी दाराकडे पाहिले, कुणी ऐकले तर नाही ना. मग म्हणाली, "मधे ठेवली की पानं आकड्यावर येतात, मामा."

"मी धरतो पानं."

वेणी घालताना मुलीचे केस धरावेत तशी त्यांनी ती लांब पाने दोन्ही हातांनी वर धरली. ताईने कुंडी मधे ओढली. सहाशेवर असलेला आकडा सातशे पन्नासवर गेला. तिने कुंडी मागे सरकवली. सहाशे. पुन्हा मधे. सातशे पन्नास. तिचा हात कुंडीवरच राहिला.

"कधीपासून?" तिने विचारले.

"तू पहिल्या कुंड्या भरल्यास ना, त्याच्या आदल्या आठवड्यात. माझ्या हातून पडला होता. मी मधेच वजन ठेवून पाहिलं होतं."

उरलेली प्रत्येक कुंडी तिने दोन जागी तोलली आणि दोन रकाने करून लिहिली. मामा शेवटपर्यंत पाने धरून उभे होते. शहाण्णव कुंड्या झाल्यावर तिने वही मिटली. सोमवारी तिच्या नेमणुकीचे पत्र निघणार होते. एकदा पत्र हातात आले की नवा काटा मागवता येईल, प्रयोग पुन्हा लावता येईल, चूक हळूहळू आपली आपण दुरुस्त करता येईल, असे काहीसे ती पुटपुटली. मग मामांकडे न बघता म्हणाली, "सोमवारपर्यंत कुणाला काही बोलू नका, बाबा."

मामांनी मान हलवली. तिला नाही म्हणायचा त्यांना हक्क उरला नव्हता, असेच त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

शुक्रवारी दुपारी मुकादम आले. नेहमीच्या बादलीवर बसले आणि खिशातून कोरा कागद काढला. मामांना म्हणाले की लेखी खुलासा उद्याच्या आत द्यायचा आहे, तुझे अक्षर चांगले आहे, तू लिहून दे, मी सही करतो. मामांनी कागद माझ्या शेजारी ठेवला. मुकादम सांगत गेले आणि मामा लिहीत गेले. पेरणी ठरल्या तारखेला केली. पाण्याच्या पाळ्या सांगितल्या तेवढ्याच दिल्या. औषध मारले नाही. "आणि लिही," मुकादम म्हणाले, "तरी पीक का वाळलं ते मला कळलेलं नाही. माझीच काही चूक झाली असेल तर माफी असावी."

मामांचे पेन माफीवर थांबले. त्यांनी टोपण लावले, पेन खिशात ठेवले आणि उठले. माझी वायर काढली. कुंड्या वाहायची हातगाडी ओढून तिच्यावर मला ठेवले, शेजारी ते पाच किलोचे वजन. मुकादम काय झाले, काय झाले म्हणत मागून निघाले. काचघर आणि मोठ्या बाईंची कचेरी यांच्यामध्ये खडीचे एक मोठे अंगण होते. हातगाडी त्यावरून खडखडत निघाली, तशी प्रयोगशाळेच्या खिडकीतून डोकी बाहेर आली. ताईचेही आले. पुढच्याच क्षणी ती अंगणात होती.

मला वाटले, ती गाडी अडवणार. ती आली, बापाच्या समोर उभी राहिली. दोघांनाही धाप लागली होती. मग तिने गाडीतले लोखंडी वजन दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरले.

"तुम्ही नाही. मी दाखवते," ती म्हणाली.

मोठ्या बाईंच्या टेबलावर, त्यांच्या कागदांवरच मला ठेवून वायर लावली गेली. ताईने वजन आधी मधोमध ठेवले, मग एकेका कोपऱ्यावर. शेवटी मागच्या उजव्या कोपऱ्यावर ठेवले. मी चार हजार आठशे पन्नास दाखवले. तीन वर्षे हाच आकडा मी अंधारात सांगत होतो. त्या दिवशी चार माणसांसमोर सांगितला. माझ्या आकड्यांना तोंड लपवायला जागा असती तर त्यांनी लपवले असते.

ताईने सगळे सांगितले. पाने, सरकवणे, जास्तीचे पाणी. मी कधीच कोपरे तपासले नाहीत, असे म्हणाली. हे मला बुधवारी कळले आणि मी दोन दिवस गप्प राहिले, हेही म्हणाली. ते सांगितले नसते तरी कुणाला कळले नसते. मामा म्हणाले, पाडला मी. मोठ्या बाईंनी वजन स्वतः उचलून एकदा ठेवून पाहिले. बराच वेळ त्या माझ्या तीन हिरव्या लेबलांकडे बघत होत्या. मग उठून दाराशी उभ्या असलेल्या मुकादमांपाशी गेल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "चूक आमची होती. मी तुमचं ऐकायला हवं होतं."

मुकादमांनी मामांकडे पाहिले.

"दोन हंगाम मी तुझ्याशेजारी बसून चहा प्यायलो," ते म्हणाले आणि निघून गेले.

त्याच संध्याकाळी गोदामाला कुलूप लागले आणि बियाण्याची पोती थांबली. शोधनिबंध मागे घेतला गेला. सोमवारी पत्र निघाले, पण ते दुसऱ्या कुणाच्या नावाचे. ताईला कामावरून काढले नाही. मात्र पुढची दोन वर्षे ती हंगामी म्हणून दुसऱ्याच्या हाताखाली राबली. प्रयोग नव्या काट्यावर पुन्हा झाला आणि बाराही भावंडे एकाच आठवड्यात वाळली. तो डीएनएचा तुकडा पाने लोंबवतो, पाण्याशी त्याचा काही संबंध नाही, असा एक छोटा निबंध ताईने लिहिला. तो फारसा कुणी वाचला नाही.

मामा वर्षभराने निवृत्त झाले. त्यांनी निरोप समारंभ नको म्हणून सांगितले होते. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्या काचा धुतल्या आणि दुपारपासून ते खोलीत बसून होते. चहाचे दोन पेले काढून ठेवले होते. मुकादम आले नाहीत. पुढे दोघांचे बोलणे सुरू झाले असे मी ऐकतो, पण ते माझ्यासमोर घडलेले नाही, म्हणून छातीठोक सांगत नाही.

मला भंगारात द्यायचे ठरले होते. ताईने अडवले. दुरुस्तही करू दिले नाही. आता तिला कायमची नेमणूक मिळाली आहे आणि माझी जागा खोलीतल्या फळीवर आहे. वर्षाच्या सुरुवातीला नवे विद्यार्थी आले की ती मला खाली काढते आणि प्रत्येकाला कोपऱ्यांवर वजन ठेवायला लावते. ते शेवटच्या कोपऱ्यावर पोचले की हसतात, कारण त्यांना ती गंमत वाटते. ताई हसणे संपू देते. मग सांगते, "हा माझ्या वडिलांच्या हातून पडला. तीन वर्षं मी त्याचे कोपरे तपासले नाहीत. आणि कळल्यावरही दोन दिवस गप्प बसले." इतकी वर्षे झाली, तरी दुसरे आणि तिसरे वाक्य बोलताना तिचे कान लाल होतात.

यंदा हे सगळे झाल्यावर सगळी मुले गेली, पण एक चष्मेवाली मुलगी मागे रेंगाळली. नळ घट्ट बंद करून पाहिला, कुंड्यांची रास उगाच सरळ केली. मग म्हणाली की परवा तिच्या हातून रोपांचा एक ट्रे पडला होता. दोन वाणांची रोपे मिसळली. तिने ती अंदाजाने पुन्हा लावून ठेवली आहेत. कुणी पाहिले नाही.

ताईने तिला रागावलेले मी ऐकले नाही. कुठला ट्रे, एवढेच विचारले. दोघी जाऊन तो घेऊन आल्या. दिसायला सगळी रोपे सारखीच, कुठले कुठल्या वाणाचे ते डोळ्यांना कळणे शक्य नव्हते. ताईने ट्रे मातीच्या पेटीत पालथा केला. मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. तीन आठवड्यांचे काम होते ते.

"तीनच आठवडे गेले," ताई म्हणाली आणि तिच्यासाठी बियांची नवी पाकिटे काढायला गेली.

मित्रांनो, मी फळीवर पडून असतो आणि आता माझ्यावर कुणी विसंबून राहत नाही. ते योग्यच आहे. तुमच्याकडे माझे एवढेच मागणे आहे. वस्तू हातातून पडतात, त्यात पाप नाही. पण पडलेली वस्तू पुसून जागेवर ठेवताना तुमची नजर दाराकडे गेली, तर तिथेच थांबा आणि कुणाला तरी हाक मारा. जे कुणी येईल ते थोडे ओरडेल. ओरडू द्या. मामांना आणि मला ओरडणारे कुणी त्या दिवशी आले असते, तर मुकादमांनी माफीसाठी कोरा कागद खिशात घालून आणला नसता.